ताई खासदार झाल्या आणि डबे आटले

"नाव सांग, वॉर्ड सांग. रडायचं ते जेवून झाल्यावर." समोर कुणीही असो, ताईंचं पहिलं वाक्य हेच. आवाज असा, की त्या लालबागेत बोलल्या तर राणीच्या बागेतला वाघ उठून आपलं नाव सांगेल. खोटं वाटतंय? तुम्ही तो ऐकलेला नाही म्हणून.

परळच्या इस्पितळांत गावोगावचे पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते, सोबतच्या माणसाला फुटपाथ. त्या माणसांसाठी ताईंनी संस्था काढली. संस्था म्हणजे काय, तर आसपासच्या चाळींतल्या प्रत्येक बिऱ्हाडानं संध्याकाळी एक जादा डबा भरून जिन्याखालच्या फळीवर ठेवायचा. बस. एकदा आमच्या हिनं कारलं दिलं, तर ताई वर हजर. "अगं, त्यांचं आधीच काय गोड चाललंय का?"

निवडणूक आली तशी दोन पक्षांची माणसं एकाच दुपारी तिकीट घेऊन आली. जिन्यात त्यांची टक्कर झाली म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. ताईंनी दोघांनाही चहा पाजला. "तुमचा झेंडा लावला तर यांच्या घरचे डबे बंद. यांचा लावला तर तुमच्या. त्यापेक्षा मी एकटीच उभी राहते."

राहिल्या आणि निवडून आल्या! आम्ही इतका गुलाल उधळला, की चाळीतली मांजरं महिनाभर लाल फिरत होती.

पुढच्याच आठवड्यात फळीवरचे डबे निम्मे झाले.

कुणी ठरवून केलं नाही. ज्याला त्याला वाटलं, ताई आता खासदार, आता सरकारच जेवायला घालेल. मलाही वाटलं.

शनिवारी ताई दिल्लीहून आल्या. फळी पाहिली आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून माझ्या दारात उभ्या.

"तुझा डबा कुठाय?"

"ताई, आता तुम्ही सरकारात..."

"मी कुठली सरकारात रे? शेवटच्या बाकावर बसते. अपक्षाला दोन मिनिटं. 'अध्यक्ष महोदय' म्हणेस्तोवर घंटी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या खोलीत पोचला नाही. "या लोकांसाठी धर्मशाळा मागतेय तिथं. मिळेल तेव्हा मिळेल. आज खाली माणसं उपाशी बसलीत."

हिनं आमच्या ताटातल्या चपात्या उचलून डब्यात भरल्या. ताई पुढच्या दाराकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी चार चाळींतलं एकही दार सोडलं नाही. फळी भरली. सोमवारी त्या दिल्लीला गेल्या. बुधवारी फळी पुन्हा रिकामी.

तेव्हापासून अधिवेशन चालू असलं की जिने मी चढतो. माझे गुडघे असे वाजतात, की दार ठोठावावं लागत नाही. काल तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार किलकिलं करून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"भावोजी, तुम्ही उभे राहताय वाटतं यंदा?"

"नाही हो वहिनी. डबा मागायला आलोय."

"अगोबाई," म्हणत त्या आत गेल्या. दार अर्धं उघडंच होतं. मी कठड्याला टेकून ऐकत राहिलो, आतून भांड्यांचा आवाज येतोय की टीव्हीचा.