केल ट्रेगरचा आठवा गोल

मोठ्या खेळाडूंच्या आठवणी काढायला रेडिओ आहे, टीव्ही आहे. आमच्या कोरिंडातली माणसं आठवणी काढतात त्या एका दिवसाच्या राजांच्या. म्हणजे जन्मभर हातातला चेंडू सोडणारे, बाकावर बसून संत्र्याच्या फोडी खाणारे, आणि मग एखाद्या शनिवारी देवाने जाता जाता बोट लावावं तसे खेळून गेलेले. सकाळी चर्चमध्ये लग्न लावून दुपारी मैदानावर उतरलेला आणि नवरीच्या देखत पाच गोल मारलेला पोस्टमन आमच्याकडे होऊन गेला. पण या मंडळीत मानाचं पान केल ट्रेगरचं.

आज त्याला पाहून कुणाला खरं वाटणार नाही. लांब हात, बशीएवढे कान, कुंपणं घालायचं काम आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस. माझ्या कोंबड्यांच्या कुंपणाखालून कोल्हा जितक्यांदा शिरला तितक्यांदा केल येऊन तार ठोकून गेला, आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवताना बूट वाजू नयेत म्हणून तो चवड्यांवर चालतो. सबंध गावात इतका गप्प माणूस दुसरा नसेल.

आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातानेही झेलायचा आणि लाथेने उंच खांबांमधून मारायचा. खेळाडू म्हणून त्याची कुंडली अशी, की चार वर्षांत तीन गोल, त्यातला एक नडगीला लागून गेलेला. चौऱ्याहत्तर साली अंतिम सामन्याच्या आठवड्यात आमच्या हुकमी खेळाडूला गालगुंड झालं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून केलला गोलाच्या तोंडाशी उभं केलं. समोर मिल्स क्रीक, म्हणजे नदीपलीकडचं गाव. त्यांच्याशी आमची सोयरीक होते, पण खेळाच्या दिवशी ओळख नसते.

पहिल्या काही मिनिटांतच मिल्स क्रीकच्या एका दांडग्याचं कोपर केलच्या कानशिलावर बसलं. केल उठला, गोलाच्या खांबाशी हस्तांदोलन केलं आणि खेळायला लागला. मग जे झालं ते आमच्या गावात लहान पोरंही सांगतात. चेंडू जिथे पडेल तिथे हा आधीच उभा. मध्यंतरात त्याने विचारलं म्हणे, "आपण कोणत्या रंगाचे?" त्याचे सात गोल झाले तरी आम्ही दोन गुणांनी मागेच होतो. आमच्याकडे गोल झाला की मैदानाभोवती लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवतात. सातव्या गोलाला तर असा गलका उठला की थांबेचना, आणि त्या गलक्यातच केलने दोघांच्या डोक्यावरून झेल घेऊन आठवा मारला. गोलाचे सहा गुण. चषक आमचा. त्यानंतर केल मिल्स क्रीकच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्यांच्याच साबणाने आंघोळ करून आला. रात्री त्याला इस्पितळात ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याने एकही गोल मारला नाही.

एकदा कुंपणाची तार ओढता ओढता मी त्याला म्हटलं, केल, तो दिवस तू सांग ना, डार्सीकडून ऐकून कंटाळा आला. डार्सी मलून म्हणजे आमचा पाववाला. त्याच्या तोंडी ही गोष्ट दर हिवाळ्यात थोडी फुगते.

केलने पक्कड खाली ठेवली. "आठ गोल मारले म्हणतात. मारले असतील. मी तिथे नव्हतो."

कोपर लागल्यापासून दुसऱ्या दिवशी इस्पितळातला चहा येईपर्यंत त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. लोक गोष्ट सांगतात तेव्हा तो कोपऱ्यात बसून ऐकतो तो विनयाने नव्हे. पुढे काय झालं हे त्यालाही लोकांकडूनच कळतं.

"सगळं सांगतात गं," तो म्हणाला. "म्हातारा होता की नव्हता, तेवढं कुणी सांगत नाही."

म्हातारा म्हणजे त्याचा बाप, विल्फ. विल्फच्या दुभत्या गाई होत्या. पाऊण सामना झाला की दूधवाले शेतकरी धारेला निघतात, आजही निघतात, आणि त्यात विल्फचा ट्रक सर्वांत आधी. ज्याला गाई नाहीत त्याने खेळावं, असं तो म्हणायचा. मुलासाठी त्याने कधी हॉर्न वाजवला नव्हता. इस्पितळात आला तेव्हा एवढंच म्हणाला, "काल धारा तासभर उशिरा झाल्या." म्हणजे हाताखाली तू नव्हतास म्हणून, असं केल समजला. नंतर विल्फ देवाघरी गेला. मी म्हटलं, विचार की कुणाला तरी. तो म्हणाला, विचारलं आणि 'गेला होता' असं उत्तर आलं, तर मग काय उरलं?

या हिवाळ्यात त्या चषकाला पन्नास वर्षं झाली. क्लबात जेवण ठेवलं, मिल्स क्रीकच्या म्हाताऱ्यांनाही बोलावलं. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या खिडकीशी भोपळ्याचं सूप वाढत होतो. डार्सीने गोष्ट सुरू केली. त्याच्या सांगण्यात आठवा गोल आता मैदानाच्या मध्यावरून गेला. मिल्स क्रीकवाले म्हणाले, मागच्या वेळी तो पार्किंगमधून गेला होता. सगळे हसत होते, केल सुपात पाव बुडवत बसला होता. मी सुपात मीठ घालता घालता मारियामातेला म्हटलं, आई, मी तोंड उघडतेय, सांभाळून घे. आणि पळी हातात तशीच धरून खिडकीतून विचारलं, विल्फचा ट्रक होता का तेव्हा?

डार्सीचा सूर तुटला. "विल्फ? तो कसला थांबतोय? पाऊण सामन्याला गाई..."

केलने पाव सुपातच सोडला. मला वाटलं, मी काय करून बसले.

तेवढ्यात एल्वा पॅस्कोने चमचा ठेवला. एल्वा आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, पण मूळची मिल्स क्रीकची. त्या सामन्यात तिच्या गावाकडून घड्याळ बघायला तीच बसली होती. दोन्ही गावांचा एकेक माणूस गोलामागच्या लाकडी माचीवर बसायचा आणि वेळ संपली की घंटा वाजवायचा.

"होता," एल्वा म्हणाली. "माझ्या पायाखालीच होता ट्रक."

मग तिने सांगितलं. सातव्या गोलाला आमचा घड्याळवाला आनंदाने उडी मारून मैदानात पळाला. माचीवर ती एकटी. बाकीच्या गाड्या थांबल्या, विल्फचा हॉर्न थांबेना. वेळ संपली. तिने घंटा बडवली, दोन्ही हातांनी बडवली, पण पंचाच्या कानापर्यंत काही जाईना. पंचाला ऐकू येईपर्यंत खेळ चालू, हा नियम. म्हणून केलने आठवा गोल मारला.

"मी खाली उतरून विल्फला झापलं. तो म्हणाला, बाई, हॉर्न अडकला. काही अडकलं नव्हतं. मी वरून बघत होते ना. दोन्ही कोपरं टेकवून बसला होता हॉर्नवर, आणि हसत होता की रडत होता, देव जाणे. मग ट्रक फिरवून गेला गाईंकडे."

मग मिल्स क्रीकचा एक म्हातारा सावकाश म्हणाला, एल्वा, पन्नास वर्षं तू हे पोटात ठेवलंस?

"तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, घंटा जोरात का नाही वाजवलीस. आणि इथे लग्न करून आल्यावर सांगितलं असतं तर मला जेवायला कुणी बोलावलं असतं?"

यावर जो हशा फुटला तो छपराला लागला. मिल्स क्रीकवाले उठून चषकाच्या कपाटाकडे निघाले, डार्सी हात पसरून कपाटासमोर उभा राहिला, कुणी म्हणे गोल परत करा, कुणी म्हणे पन्नास वर्षांचं व्याज म्हणून निदान पुडिंग तरी द्या. त्या गोंधळात केल मात्र माझ्या खिडकीशी आला. कान लालबुंद झाले होते.

"धारा उशिरा झाल्या," तो म्हणाला. "माझ्यामुळे नाही गं. म्हणजे, माझ्यामुळेच."

आणि बूट खाडखाड वाजवत तो बाहेर गेला.

थोड्या वेळाने शाळेच्या बसचा हॉर्न सुरू झाला. एकदा नाही, दोनदा नाही, सलग. आम्ही सगळे सुपाच्या वाट्या हातात घेऊन दारात गेलो. मग दुसरी गाडी वाजली, तिसरी वाजली, मिल्स क्रीकच्यांनीही आपापल्या गाड्यांत शिरून साथ धरली. मी कानांवर हात ठेवून देवाला धन्यवाद दिले, पण माझेच मला ऐकू आले नाहीत. हळूहळू बाकीच्या गाड्या थांबल्या. बस थांबेना. शेवटी डार्सीने बसच्या काचेवर टकटक केली, पुरे की आता, म्हणून खूण केली.

केलने काच खाली केली. दोन्ही कोपरं हॉर्नवर टेकलेली होती.

"अडकलाय," तो म्हणाला.