मनोजची मुकी ढाल

सातपूरच्या एका कारखान्यात साचे बनवणाऱ्या योगेशला रविवारची दुपार म्हणजे सण. पंचवटीतल्या त्याच्या घरी चार दोस्त जमायचे आणि टेबलाभोवती बसून, वीस बाजूंचे फासे टाकत, कल्पनेतल्या एका राज्यात राक्षसांशी लढायचे. प्रत्येकाचं एक पात्र असायचं. योगेशचं मात्र पात्र नव्हतं; गोष्ट पुढे न्यायची त्याने. त्या राज्यातल्या जादूच्या वस्तूही तोच घडवायचा, आणि त्याचा खरा जीव त्यातच होता.

पहिली वस्तू त्याने मोठ्या हौसेने केली: कधीच न चुकणारी तलवार. ती मनोजला मिळाली आणि खेळाचं पार मातेरं झालं. समोर कोणीही येवो, मनोज तलवार उपसायचा आणि तो आडवा! फासा टाकायचीही गरज उरली नाही. मंडळी शेंगा सोलत जांभया देऊ लागली, तेव्हा योगेशच्या ध्यानात आलं की वस्तूने वापरणाऱ्याला थोडं पेचातही पाडलं पाहिजे. त्याने गोष्टीतल्या एका चोराकरवी तलवार पळवली आणि नव्या वस्तूच्या मागे लागला.

या खेपेला त्याने आधी माणसं न्याहाळली. मनोज भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याच्यापुढे कोणाची डाळ शिजायची नाही. टेबलाशी त्याच्या शेजारी बसायची मीना, देवळाली कॅम्पातल्या एका दवाखान्यातली नर्स. तिच्या पात्राचे निर्णयही मनोजच परस्पर घेऊन टाकायचा. ती आपली "चालेल" म्हणायची.

योगेशने मनोजसाठी ढाल घडवली. कुठलाही वार झेलणारी. मात्र ती धरणाऱ्या खेळाडूच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तरी तिचे तुकडे.

त्या रविवारी गोष्टीतल्या पुलावर ड्रॅगन एका कुशीवर आडवा पडला होता. तो आग ओकू लागताच मनोजने ढाल पुढे धरली आणि ओठ घट्ट मिटले. योगेशची आई लंकाबाई चहा घेऊन आली, तर मनोज गप्प!

"काय रे, घसा बसला का?"

मनोजने नुसते हात जोडले. सगळे खो खो हसले.

"पलीकडे सोडलं तर मला काय द्याल?" ड्रॅगनच्या आवाजात योगेशने विचारलं. सवयीने सगळ्यांनी मनोजकडे पाहिलं. त्याने गाल फुगवले, डोळे वटारले, पण बोलणार कसा?

मीना खुर्चीत जरा पुढे सरकली. "तू मघापासून एकाच कुशीवर पडलायस. पंख दुखतोय ना? आग थांबव, मी बघते."

योगेश बघतच राहिला. त्याने ड्रॅगनच्या तोंडी सोन्याची मागणी ठेवली होती. दुखऱ्या पंखाचा विचार त्याच्या स्वप्नातही नव्हता. पण हे सोन्याच्या मागणीपेक्षा सरस होतं. "टाक फासा," तो म्हणाला, "पंधराच्या वर हवं."

फासा गडगडत चहाच्या कपाला थडकला. सतरा! ड्रॅगनने आग थांबवून मान खाली घातली.

"भले शाब्बास!" मनोज ओरडला, आणि ढालीच्या ठिकऱ्या उडाल्या.

"अरे लेका," हसून हसून योगेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मनोज मात्र मीनाकडे वळला. "तू इतकं भारी बोलतेस, मग आजवर गप्प का बसलीस?"

"तू थांबायचास कधी?"

मनोजने कान पकडले. मंडळी उठली तरी मीना घुटमळत होती. पुढची वस्तू मी घडवू का, तिने विचारलं; योगेशसाठीच, कारण त्यालाही कधीतरी खेळायला मिळावं. इतक्या रविवारांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने आनंदाने गोष्ट पुढे नेणाऱ्याची आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.