मळलेलं पान

वाचनालयात माझ्या शेजारी कॉलेजच्या दोन मुली वाद घालत होत्या. पुस्तकातल्या एखाद्या जगात कायमचं राहायला जायचं, तर कुठल्या? एकीला ड्रॅगनचं राज्य हवं होतं, दुसरीला ताऱ्यांमधून हिंडणारं यान. शेवटी त्यांनी कोपऱ्यात फाटकी पुस्तकं खळीने चिकटवत बसलेल्या सदूकाकांना विचारलं, "काका, तुम्ही कुठे जाल?"

"मी कुठला वाचतोय गं! पण सुटलेलं पान जुळवायला चार ओळी वाचाव्याच लागतात," काका म्हणाले. "लढाईची पानं कोरी करकरीत असतात. मळून सुटतं ते पान वेगळंच. दमलेला माणूस कुणाच्या तरी दारात पोचतो आणि घरातलं कुणी विचारतं, 'जेवलास का?'"

मुली हसल्या. मला हसू येईना. दोन चंद्रांच्या आकाशाखाली जाऊनही माणूस हेच शोधतो की काय?

घरी येऊन परग्रहावरच्या गोष्टीचं माझं लाडकं पुस्तक हातात घेतलं, तर ते आपोआप एका पानावर उघडलं. वाट चुकलेल्या प्रवाशाला कुणीतरी आत बोलावत होतं. पानाच्या कडेला माझ्याच बोटांचे हळदीचे डाग होते. एकटीने जेवताना मी नेहमी हेच पान उघडते, हे मला आजवर कळलंच नव्हतं.