ग्यानबाचं जेमतेम

हुलसुरात ग्यानबाला कुणीही, कधीही "कसं चाललंय अण्णा?" असं विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असे. "हाय जेमतेम." पाऊस नेमका झाला तरी जेमतेम, करडई खळ्यात मावेनाशी झाली तरी जेमतेम. दोन मजली घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या पंगतीत वाढता वाढता तो पाहुण्यांना सांगत होता, की शेड टाकलंय जरा, ऊनपावसाला. मोटार घेतली ती तूर वाळवायच्या ताडपत्रीखाली गेली, ती लग्नकार्यापुरतीच बाहेर निघे. जावई हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर. सासऱ्याच्या तोंडी तो "कुठंतरी चिकटलाय" एवढाच होता. बायको कलाबाई हे सगळं ऐकून पदर तोंडाशी धरी. तिला वरच्या मजल्यावर एकदा तरी चार बायका चहाला बोलवायच्या होत्या. पण शेडला वरचा मजला असतो, हे सांगायचं कसं?

यात ग्यानबाचा खोटेपणा नव्हता, गावाची रीत होती. सीमेवरच्या या गावांतली माणसं मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन भाषा सहज बोलतात, पण आपलं बरं चाललंय हे सांगायची वेळ आली की तिन्हींतले शब्द एकदम संपतात. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. म्हणून मांजर पिलं लपवतं तसं इथं लोक सुख लपवतात, आणि शेजाऱ्याचं पिलू कोणत्या कोनाड्यात आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

ग्यानबाची एकच गोष्ट लपत नव्हती, ती म्हणजे त्याचा विजेवर फिरणारा लाकडी घाणा. करडईचं तेल पडू लागलं की वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई, आणि वासावर ताडपत्री टाकता येत नाही. पण वास घेणारे फार आणि तेल घेणारे थोडे. गावानं पिशवीतलं, काचेसारखं दिसणारं तेल पत्करलं होतं. घाणा उभाच राहू लागला तेव्हा जावयानं सुचवलं, की ती जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं देऊन टाका. त्या दिवशी ग्यानबाच्या ताटातली भाकरी अर्धी तशीच राहिली. त्याच्यासारख्या माणसानं याहून मोठा आकांत काय करायचा!

अशात कळलं, की चेन्नईच्या एक बाई घाण्याचं तेल शोधत या भागात येणार आहेत. तिकडे त्यांची दुकानं आहेत. त्यांनी तेल घेतलं तर घाणा वर्षभर फिरेल. अडचण भाषेची. बाईंना तमिळ यायचं आणि इंग्रजी. ग्यानबाच्या तीन, बाईंच्या दोन, आणि या पाचांत एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. तेव्हा साठीला टेकलेला ग्यानबा हरिओम सरांच्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाऊन बसला.

क्लास खताच्या दुकानावरच्या खोलीत भरे, त्यामुळे इथल्या इंग्रजीला युरियाचा वास होता आणि ती त्याच वेगानं वाढेल अशी सरांची आशा होती. निम्मी गल्ली तिथं असायची. दूध घालणारी निलम्मा मुंबईतल्या नातवाशी बोलता यावं म्हणून आलेली. ग्यानबाच्या बाकावर त्याचे शेजारी गुंडेराव, बसचे निवृत्त कंडक्टर. मुलगी रूपाली बेंगळुरात डॉक्टर झाली आणि तिच्या मैत्रिणींसमोर गुंडेरावांचा आवाज पहिल्यांदाच बसला, म्हणून ते आले होते. एरवी तो आवाज इंजिनावर मात करून मागच्या दारापर्यंत पोचायचा.

एक दिवस सरांनी तुलना घेतली. वस्तूच्या नावाआधी तिची थोरवी लावायची, बस. फळ्यावर लिहिलं: अ बिगर हाउस, अ न्यूअर कार, अ बेटर शॉप. आता प्रत्येकानं आपल्या घरचं एकेक वाक्य बोलायचं.

ग्यानबा उठला. "आय हॅव अ स्मॉलर हाउस."

त्याच्या घरापुढं आपलं मोठं ठरू नये म्हणून गुंडेरावांनी घाईनं आपल्या वाक्यात त्याहून लहान घर घेतलं. तिसऱ्याची सायकल जुनी निघाली, चौथ्याचं दुकान मोडकं. सबंध गल्लीला दूध पुरवणाऱ्या निलम्मानं आपल्या म्हशीला 'अ वीकर बफेलो' म्हणून टाकलं. क्लास सुटेपर्यंत हुलसूर इतकं दरिद्री झालं, की सरांना फी मागायची लाज वाटू लागली.

"अहो, एकदा तरी बिगर म्हणा," सर काकुळतीला आले. "दृष्टीला इंग्रजी येत न्हाई."

"काय सांगावं सर," ग्यानबा म्हणाला, "आजकाल सगळेच शिकायलेत."

बाई येण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्याला धडकी भरली. शब्द पाठ होते, पण आपलं चांगलं सांगायला जीभ उचलत नव्हती. मग त्याला बैलबाजार आठवला. बाजारात मालक आपल्या बैलाची तारीफ स्वतः करत नाही. तो दावं धरून आभाळाकडं बघतो आणि शेजारचा माणूस बैलाचे गुण गातो. त्यानं गुंडेरावांना गाठलं. तेलाचं तेवढं तुमी बोला, मी खाली मुंडी घालून उभारतो, असं ठरलं. गुंडेराव लगेच हो म्हणाले. ते इतक्या लगेच हो का म्हणाले, याचा ग्यानबानं विचार करायला हवा होता.

बाई आल्या. तेल हुंगलं, बोटावर घेऊन चाखलं, नमुन्याची बाटली पिशवीतून काढून भरून घेतली. सकाळीच त्या बसवकल्याणला शंकरप्पाची गिरणी बघून आल्या होत्या. शंकरप्पा हा त्या भागातला एकमेव माणूस, जो दृष्टीला भीत नसे. त्याच्या दारावरची पाटी दारापेक्षा मोठी होती. बाईंनी सरळ विचारलं, की त्यांचं सोडून तुमचं तेल मी का घेऊ?

गुंडेरावांनी घसा खाकरला, पण ग्यानबाच्या अंगातली रीत त्यांच्याआधी बोलली. "शंकरप्पा हॅज अ बिगर मिल." तेवढ्यावर भागेना म्हणून तो पुढं म्हणाला, "अँड अ बेटर बोर्ड."

बाईंनी मान हलवली आणि भरलेली बाटली परत घाण्याच्या कट्ट्यावर ठेवली. ग्यानबाला त्या कट्ट्यावर मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसू लागली. त्यानं गुंडेरावांना कोपरानं ढोसलं.

"मॅडम," गुंडेराव गरजले, आणि आढ्यावरची कबुतरं उडाली. "धिस इज अ प्युअरर ऑइल. ही बाइज अ फ्रेशर करडई. ही हॅज अ स्लोअर घाणा, सो अ कूलर ऑइल."

ग्यानबाचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला तोंडावर चांगलं म्हणत होतं आणि तो तिथंच उभा होता. पण बाईंचा हात पुन्हा बाटलीकडं गेला होता. त्यांनी आता वेगळंच विचारलं. माणूस एवढा साधा दिसतो, याला वर्षभर माल देणं झेपेल का?

गुंडेरावांची गाडी घंटी मारून सुटली. "ही? ही हॅज अ बिगर हाउस दॅन शंकरप्पा. ही हॅज अ न्यूअर कार, अंडर ताडपत्री. ही हॅज अ रिचर सन-इन-लॉ."

एरवी ही इंग्रजी गल्लीच्या डोक्यावरून गेली असती. पण दारात जमलेली सगळी माणसं हरिओम सरांचीच होती आणि नेमके हेच शब्द त्यांनी घोटून घेतले होते. प्रत्येक वाक्याला निलम्मा मान डोलवत होती. एकानं तर खात्री करायला ताडपत्रीचं टोक उचललं.

बाईंनी वर्षभराचं तेल ठरवलं आणि त्या गेल्या. गर्दी मात्र हलेना. ग्यानबानं गुंडेरावांना आत ओढलं.

"तुमाला तेलाचं बोला म्हणलं व्हतं. घरादारावर कामून गेलाव?"

"अण्णा, एक तरी खोटं बोललो का सांगा," गुंडेराव शांतपणे म्हणाले. "घर बांधल्यापसनं तुमच्या सावलीत माझी ज्वारी वाळंना झालीय, आन तुमी आपलं शेडच म्हणायलाव."

ग्यानबानं त्यांच्यापुढं चहाची बशी सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलम्मा दूध घालायला आली. "कसं चाललंय अक्का?" तिनं नेहमीसारखं विचारलं.

"बरं चाललंय," कलाबाई म्हणाली. "ये की चहाला. वर बसू, वारं लागतंय."

करडई निवडत बसलेल्या ग्यानबाच्या हातातलं सूप थांबलं. दोघी जिना चढून गेल्या. खूप वेळ वरून हसणं ऐकू येत होतं. निलम्मा गेल्यावर त्यानं कलाबाईला घाण्यापाशी बोलावलं आणि आधी दृष्ट काढायला लावली. तिनं वाळल्या मिरच्या घाण्यावरून, घरावरून आणि शेवटी नवऱ्यावरून ओवाळून शेगडीत टाकल्या. मिरच्या काळ्याठिक्कर झाल्या, धूर झाला, पण कुणाला साधा ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे तर लेकराला पण माहीत असतं.

"बघा," कलाबाई म्हणाली, "सबंध गल्लीची लागलीय."

ग्यानबानं तोंड गंभीर ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते त्याला जेमतेम जमलं.

"मग आनखी चार टाक," तो म्हणाला, आणि त्यानं घाण्याचं बटण दाबलं.