विहीणबाईंच्या फोनमधलं बटण

मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण मी ॲपवरून पाठवलं. छापील पत्रिका कोणीही काढतं. बोईसरमध्ये ॲप बनवून पोट भरणाऱ्या बापाने काहीतरी वेगळं करायला नको? वर गणपती, खाली दोन बटणं: ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. माझ्या जुन्या फोनवर ती इतकी भरदार दिसत की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी शिरगावहून नवऱ्यामुलाच्या आईचं, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंचं उत्तर आलं: येणार नाही. मागोमाग त्यांच्या दोन्ही जावांचंही तेच. मुलगी खोलीचं दार लावून बसली. बायको म्हणाली, "मिरवा अजून!"

मी स्कूटर काढली आणि थेट शिरगाव गाठलं. विहीणबाई जावांसोबत ओट्यावर चिकू निवडत होत्या.

"नाय कोण बोललं? आमी तिघींनी ह्याच्यावरच ‘येणार’ दाबलं!" त्यांनी नवाकोरा महागडा फोन पुढे केला. त्यावर माझी बटणं मुंगीएवढी, एकमेकांना चिकटलेली. एका अंगठ्याखाली दोन्ही मावत होती.

चूक तिथेच कळली. पण मुकाट्याने माफी मागेन तर मी कसला? रांगोळी मागून घेतली आणि पोट सावरत अंगणात बसलो.

"पडदा म्हणजे नुसते ठिपके. मी ॲपला सांगितलं, बटण शंभर ठिपक्यांचं कर. माझ्या फोनचे ठिपके असे लांब लांब. तुमच्या भारी फोनचे असे, दाण्याला दाणा लागून. ठिपके तेवढेच, पण रांगोळी बघा केवढीशी झाली! म्हणून ठिपके मोजायचेच नसतात. डीपी नावाचं माप असतं. त्यात सांगितलं की दाट ठिपक्यांचा फोन आपणहून जास्त ठिपके घेतो. बटण सगळीकडे अंगठ्याजोगं."

"हे माप तुमाला ठाऊक होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"ॲप बनवायच्या क्लासमध्ये मीच शिकवतो ते."

जावा पदर तोंडाला लावून हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत.

"बटण ऱ्हाऊ दे, व्याही. ‘येणार’ दाबलं, पण मन नव्हतं. सोयरिकीचं बोलावणं कोण फोनात टाकतं?"

माझं व्याख्यान तिथेच संपलं. रांगोळीने माखलेले हात जोडून मी म्हणालो, "साखरपुड्याला सगळ्यांनी यायचं हं."

"हां, आता येणार. चहा घ्या. मग एडवणला माझी नणंद हाय, चिंचणीला मामेसासरे. त्यांच्या पण दारात जायला लागेल."

एक गाव दक्षिणेला, एक उत्तरेला. मी आधी मुलीला फोन लावला, मग पेट्रोलपंप कुठे आहे ते विचारलं.