सगळ्यांना एकदम

पार्सल कंपनीच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत तो बसायचा. ड्रायव्हरांच्या हातात जे हँडसेट असतात, त्यांच्यातल्या ॲपचं कुठलं व्हर्जन कुणाला कधी जाईल, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. ऑफिसात सगळे त्याला ‘ताबडतोब’ म्हणत. हे नाव आपल्याला कौतुकानं ठेवलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याच्याआधी त्या खुर्चीवर एक बाई होत्या. नवं व्हर्जन आलं की त्या आधी मोजक्याच ड्रायव्हरांना द्यायच्या, त्यांची कुरकुर ऐकायच्या, मग आणखी थोड्यांना आणि सगळं सुरळीत दिसलं की उरलेल्यांना. मोठ्या साहेबांना हे रेंगाळणं वाटायचं. एकदा मीटिंगमध्ये ते वैतागून म्हणाले, “अर्ध्या गाड्या जुन्यावर, अर्ध्या नव्यावर. ही कंपनी आहे की काय आहे?”

ताबडतोब तेव्हा नुकताच लागला होता. तो म्हणाला, “साहेब, एक बटण आहे. दाबलं की सगळ्यांना एकदम जातं.”

साहेबांना माणूस आवडला. बाईंची बदली टेबल-खुर्च्यांच्या खरेदी विभागात झाली आणि बटण ताबडतोबच्या ताब्यात आलं.

घरीही त्याचा हाच खाक्या. सुट्टीच्या सकाळी बायकोचा, वडिलांचा, सासूबाईंचा असे सगळ्यांचे फोन गोळा करून तो नवे करून द्यायचा. वडील बिचारे नंतर दिवसभर फोन हातात घेऊन बसत.

“बाबा, आता किती छान दिसतंय बघा.”

“दिसतंय रे. पण फोन लावायचा कुठून?”

कामावर त्यानं आणखी दोन सुधारणा केल्या. जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय बंद केली. मागं वळून बघणारी माणसं पुढं जात नाहीत, असं त्यानं साहेबांना लिहून कळवलं आणि साहेबांनी उत्तरात अंगठा पाठवला. शिवाय इंटरनेटचा खर्च वाचावा म्हणून अपडेट फक्त डेपोच्या वायफायवर, हँडसेट चार्जिंगला असतानाच उतरेल, असं करून ठेवलं. त्याबद्दलही त्याची पाठ थोपटली गेली.

मग ते व्हर्जन आलं. दिसायला देखणं, मोठी अक्षरं, गोल कोपरे. ताबडतोबनं ते साहेबांच्या भल्यामोठ्या फोनवर चालवून दाखवलं. साहेब म्हणाले, “झकास.” इतकी चाचणी पुरे झाली. संध्याकाळी गाड्या डेपोत परतल्या, हँडसेट चार्जिंगला लागले आणि त्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या वेळेवर निघाल्या आणि पहिल्याच दारात थांबल्या. ड्रायव्हरांच्या हँडसेटचे पडदे छोटे. त्यांच्यावर ‘पोचवलं’ हे बटण पडद्याच्या खाली गेलं होतं. दिसत नव्हतं, दाबता येत नव्हतं आणि ते दाबल्याशिवाय ॲप पुढचा पत्ता दाखवत नव्हतं. शहरभर ड्रायव्हर लोकांच्या दारात उभे राहून काचेवर बोटं घासत होते.

तक्रारींचे फोन सुरू झाले तेव्हा ताबडतोब म्हणाला, “नवीन आहे, सवय होईल.” तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला.

“बाबांच्या चष्म्याचं पार्सल आलंय. आणणारा माणूस दारात उभा आहे. पण देत नाहीये.”

“का?”

“बटण सापडत नाही म्हणतो. ॲपमध्ये नोंद झाल्याशिवाय पार्सल हातातून सोडायचं नाही, असा नियम आहे म्हणे.”

“अगं, तो नियम माझाच आहे. त्याला सांग, मी सांगतोय.”

पलीकडं थोडी कुजबुज झाली.

“सांगितलं. तो म्हणतो, साहेब लेखी देत असतील तर देतो. बाबांनी त्याला बसायला खुर्ची दिलीय.”

आता मात्र तो उठून प्रोग्रामरकडं धावला. जुनं व्हर्जन परत द्यावं म्हटलं, तर ती वाट त्यानं स्वतःच बुजवलेली. प्रोग्रामरनं घाईघाईनं बटण वर सरकवून दिलं, पण दुरुस्त व्हर्जन उतरणार डेपोतच आणि तेही चार्जिंगला लावल्यावर. म्हणजे भरलेल्या गाड्या होत्या तशा माघारी बोलवायच्या.

दुपारी डेपोच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. चार्जिंगची सोय रात्रीपुरती, आळीपाळीनं वापरायची, त्यामुळं ड्रायव्हर रांगेत बसले होते. ताबडतोब केबलचं भेंडोळं घेऊन त्यांच्यामधून धावत होता. कुणी आवाज चढवला नाही. एका जाडजूड ड्रायव्हरीणबाईंनी तेवढं विचारलं, “दादा, हे सगळ्यांना एकदमच का देता हो?”

“सगळे एका पातळीवर राहावेत म्हणून.”

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. “राहिले की.”

कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लाल झाले. त्या क्षणी त्याला खरोखर वाईट वाटलं आणि ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

चौकशीच्या मीटिंगमध्ये बराच विचार होऊन दोष हँडसेटच्या पडद्यांवर ठेवण्यात आला. साहेबांचा फोन दोषमुक्त ठरला. यापुढं व्हर्जन टप्प्याटप्प्यानं द्यायचं, अशी अभिनव कल्पना स्वतः साहेबांनीच मांडली. ती राबवायला जुन्या बाईंना परत बोलवावं म्हणून ताबडतोब त्यांच्या विभागात गेला.

“नको रे बाबा,” बाई म्हणाल्या. “इथं बरं आहे. खुर्ची एकदा ठेवली की ठेवली.”

तेव्हा त्याला एकट्यालाच ते करावं लागलं. पहिल्या टप्प्यासाठी त्यानं ड्रायव्हरांना विचारलं. ज्याला त्याला नेमकी त्याच दिवशी अडचण होती. शेवटी डेपोच्या कपाटात जादाचे हँडसेट पडून असतात, ते त्यानं चार्जिंगला लावले आणि पहिला टप्पा त्यांच्यावर उरकला. दोन दिवस वाट पाहिली. कपाटातून एकही तक्रार आली नाही. तसा अहवाल त्यानं वर पाठवला.

साहेब इतके खूश झाले की ही पद्धत इतर शाखांना समजावून सांगायला त्यांनी त्याला दौऱ्यावर धाडलं. तिथं तो तासभर बोलतो. शेवटी प्रश्न विचारा म्हणतो. परवा एका शाखेत मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “पहिल्या टप्प्यातले लोक कसे निवडायचे?”

“शांत स्वभावाचे,” तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं.