पेटीत लपवलेल्या गोळ्या

"थुंकीत जंतू सापडलेत," तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पल्मनरी ट्युबरक्युलोसिस." म्हणजे फुप्फुसाचा क्षय, आपल्या भाषेत टीबी. यावर माझा पहिला प्रश्न होता, "बाई, रविवारी गाता येईल का?"

"सहा महिने गोळ्या घ्या, मग जन्मभर गा."

मी बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या आमच्या वस्तीत दूध संस्थेत फॅट तपासतो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो. माझा आवाज चांगला आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. चारचौघांत उभं राहून बोलायची हौसही तिथूनच लागली, आणि ती मला भोवली.

त्या वर्षी पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. निम्मी जनावरं चारा छावणीत होती, संस्थेत दूध नावाला यायचं. महिनाभराचा खोकला मी छावणीच्या धुळीवर ढकलला. तुम्ही असं करू नका. दोन आठवडे खोकला हटला नाही, संध्याकाळी ताप येऊ लागला, कपडे सैल झाले, तर थुंकी तपासून घ्या.

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी केशरी व्हायची, तिला घाबरू नका, तो औषधाचा रंग असतो. संस्थेच्या चेअरमननी "बरे होऊन या" म्हणून घरी बसवलं. तेही मी गोड मानून घेतलं.

मनाला लागलं ते वेगळंच. आमच्या चर्चच्या दाराशी टँकरच्या पाण्याचा माठ असायचा, त्यावर एकच स्टीलचा पेला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि रविवारी बघतो तर शेजारी दुसरा पेला, त्याच्या गळ्याला लाल दोरा. तो कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "हा रोग पेल्यातून पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. तोंडाला रुमाल बांधा." हे मी चर्चच्या मंडळीला समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी रुसून घरी आलो. बायको मार्था म्हणाली, "दोऱ्याच्या पेल्यातून बी पाणीच येतंय ना? प्या अन् गप बसा." मला मात्र ते पाणी घशाखाली उतरेना.

दोन महिन्यांत वजन वाढलं, खोकला गेला. त्याच सुमारास बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मला खरोखर हलकं वाटलं. ज्याला देवाचा अनुभव येतो त्यानं मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी उठलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलंय!" हालेलुयाचा गजर झाला. लाल दोऱ्याचा पेला त्याच दिवशी माठावरून उचलून खिडकीत सारला गेला.

आता साक्ष दिलेल्या माणसानं गोळी कशी घ्यायची? गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई गोळ्या घेऊन आल्या की मी म्हणायचो, "ठेवा, चहा झाला की घेतो." पाकीट जायचं पेटीच्या खोक्यात. त्या खोक्याला मार्था कधी हात लावत नाही. मी त्याला विश्वास म्हणत होतो. खरं तर मला तो पेला परत माठावर यायला नको होता.

पाच आठवड्यांत ताप परत आला.

डॉक्टरबाई कडाडल्या. "बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं! औषध अर्ध्यात सोडलं की उरलेले जंतू कोडगे होतात." सीबीनॅट, म्हणजे जंतूंवर मुख्य औषध अजून चालतंय का हे सांगणारी तपासणी, तिच्यासाठी थुंकी बीडला गेली. निकाल चांगला आला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं.

बाहेर बाकावर आमच्या मंडळीतल्या मालनमावशी बसल्या होत्या, पायाला पट्टी बांधून. त्यांना शुगर आहे. अंगठ्याची जखम चिघळली होती.

"काय झालं मावशी?"

"तुमची साक्ष ऐकली ना भाऊ. म्हणलं, त्याला प्रभूनं बरं केलं, मला कावून न्हाई करनार? मी बी गोळ्या सोडल्या. माझाच इस्वास कमी पडला बगा."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशींना खरं काय ते तिथंच सांगितलं. घरी येताना मनात आलं, झालं की सांगून, आता गुपचूप गोळ्या सुरू कराव्यात, बाकीच्यांना कशाला कळायला हवं? मोह फार गोड होता. पण माझी साक्ष आणखी कुणी कुणी ऐकली होती, कोण जाणे. मी प्रार्थना केली, "प्रभू, बरं सावकाश कर. आधी तोंड उघडायचं बळ दे."

रविवारी रुमाल बांधून दारातच उभा राहिलो. पेटीचं खोकं उघडलं आणि सगळी पाकिटं पायरीवर ओतली. "देवानं मला या गोळ्यांतून बरं करायला घेतलं होतं. मी त्या लपवल्या आणि तुमच्यापुढे खोटं बोललो. कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर आजच सुरू करा." मग खिडकीतला लाल दोऱ्याचा पेला घेतला आणि स्वतःच्या हातानं माठावर ठेवला.

कुणी हालेलुया म्हटलं नाही. चर्चचे पाळकसाहेब तेवढे हळूच म्हणाले, "ही बी साक्षच हाय."

मालनमावशी उठल्या. लंगडत माठापाशी आल्या, तोच पेला भरला आणि पदराच्या गाठीतली शुगरची गोळी त्या पाण्यानं घेतली. मग पेला पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "घ्या भाऊ. तुमची बी घ्या."

रुमाल सोडायचा म्हणून बाहेर लिंबाखाली जाऊन मी गोळी घेतली. पाणी लई गोड लागलं, आणि मी ढसाढसा रडलो.

मावशींचा अंगठा वाचला. मी ठणठणीत झालो, संस्थेत परतलो, पेटीवर बसलो. प्रार्थना आजही करतो, रोज करतो. पण ती करताना गोळी हातात धरायला आता लाजत नाही. तुम्हीही लाजू नका.

आणि हो, त्याच्या पुढच्या रविवारी माठावर सगळ्यांसाठी एकच पेला होता. लाल दोऱ्याचा.